लहान गंजातला भात

"अंजना ने फिर से चिन्नौर खाना शुरू किया क्या?"

घनश्यामनं डबा नुकताच उघडला होता. चिन्नौर तांदळाचा वास रेकॉर्डरूमच्या कोंदट हवेत, जुन्या नस्त्यांवरून, वाळवीच्या औषधावरून फिरून पुन्हा डब्यात येऊन बसला होता, आणि समोरच्या टेबलावरून शीला मॅडम त्याच्या बायकोबद्दल हे विचारत होत्या. त्यानं घास कालवता कालवता, बावीस वर्षं ठिकठिकाणी वापरून गुळगुळीत झालेलं उत्तर दिलं, "कहां मॅडम, उसको इसकी बास सहन नहीं होती. हमारे घर में चूल्हे पर भात के दो गंज चढ़ते हैं. बड़ा राजा का, छोटा प्रजा का." या वाक्यावर लोक हसतात. पलीकडे बसलेला वीरेंद्र हसलाही, आणि त्यानं तर ते दहादा ऐकलं होतं. शीला मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा घातला आणि नीट दिसतंय ना याची खात्री करून घेतल्यासारखं त्याच्याकडे पाहिलं. "बास? बास का क्या है इसमें, घनश्यामजी? उसने तो छोड़ा था. आपके लिए."

घास हातातच राहिला. वीरेंद्र हसायचा थांबला आणि मोबाइल पाहू लागला. ऐकायचं असलं की तो नेहमी मोबाइल पाहतो. शीला मॅडम या ऑफिसात बदलून आल्याला दोनच महिने झाले होते, पण ओळख जुनी. बावीस वर्षांपूर्वी बिरसाला, जंगलातल्या त्या तहसिलीत, सरकारी क्वार्टरची एक भिंत दोघांच्या घरांत सामाईक होती. तेव्हाही त्या दरवर्षी याच दिवसांत चहा सोडायच्या. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस. त्यांच्यात त्याला चालीसा म्हणतात, आवडीचं काहीतरी सोडायचं आणि देवाला आठवायचं. देवाचं माहीत नाही, पण शीला मॅडमच्या चहाची आठवण त्या चाळीस दिवसांत सगळ्या ऑफिसला येते, कारण चार वाजले की त्यांचं डोकं दुखतं आणि दुखतं ते आवाज करून. गेल्या आठवड्यात घनश्यामनं त्यांना राख बुधवारपासून ईस्टरपर्यंतचे दिवस कॅलेंडरवर मोजून दाखवले होते. "ये तो छियालीस होते हैं, मॅडम." त्या म्हणाल्या होत्या, "इतवार नहीं गिनते. इतवार को छूट रहती है." त्याला फार आनंद झाला होता. देवाच्या घरीसुद्धा साप्ताहिक सुट्टी! हे त्यानं त्याच दिवशी तीन टेबलांवर जाऊन सांगितलं होतं.

असल्या गोष्टींची त्याला नोंद ठेवायची सवयच होती. कागदावर नाही; मनात. कोणी काय सोडलं आणि त्याचं किती गेलं. थोरल्या भावानं गयेला जाऊन वांगं सोडलं, जे तो लहानपणापासून पानाच्या कडेला सारायचा. वीरेंद्र नवरात्रात गुटखा सोडतो आणि नऊ दिवस वेलदोडे असे चघळतो की दहाव्या दिवशी गुटखाच बरा होता असं घरच्यांना वाटावं. स्टोअरातला महेंद्र वर्षावासाचे तीन महिने राग सोडतो, मनापासून सोडतो, म्हणून पावसाळाभर शिपाई अकरा वाजता येतात. काकूनं साखर सोडली ती डॉक्टरनं सांगितल्यावर, पण सांगताना सांगते विठ्ठलाचं नाव. या सगळ्या नोंदींखाली त्यानं एक ओळ लिहून ठेवली होती: माणूस सोडतो ते आधीच सुटलेलं. ही ओळ त्याला स्वतःलाच इतकी आवडायची की तिच्यावर पुन्हा विचार करायची गरज त्याला कधी वाटली नव्हती. आणि आता साठाव्या वर्षी, जेवायच्या सुट्टीत, कुणीतरी त्या नोंदवहीतून मधलंच एक पान काढून समोर ठेवत होतं, आणि त्या पानावर त्याच्या घराचं नाव होतं.

"आप बेहोश थे," शीला मॅडम म्हणाल्या. "ग्यारह दिन. मलेरिया दिमाग में चढ़ गया था. वो बाहर बेंच पर बैठी रहती थी. मैं चाय नहीं पी रही थी, तो उसने पूछा, बाई, काहून नाही पीत? मैंने बताया. तो बोली, मीबी सोडू का काही? मैंने कहा, छोड़ो, जो सबसे अच्छा लगता है वो. उसने एक मिनट भी नहीं सोचा. चिन्नौर, बोली." त्या थांबल्या. "बीच में मेरा ट्रांसफर आ गया मंडला का. आप तब भी अस्पताल में ही थे. मैं चली गई." पुन्हा थांबल्या. मग एकदम त्यांचा आवाज बदलला, एखादी सही चुकीच्या कागदावर झाल्याचं लक्षात आल्यावर बदलतो तसा. "मैंने उसको बताया था ना, कि चालीस दिन का है? ईस्टर तक का? बताया ही होगा. या नहीं बताया? हे प्रभु. घनश्यामजी, बाईस साल का कौन बोलेगा किसी को?"

त्यानं डबा बंद केला. भूक नाही म्हणाला. वीरेंद्र म्हणाला, "भैया, आज आपने भी छोड़ दिया?" आणि कुणीच हसलं नाही, याचं त्याला वाईट वाटलेलं दिसलं.

संध्याकाळी रेल्वे फाटक बंद होतं. मँगनीजचे ट्रक ओळीनं उभे, त्यांच्या काळ्या धुळीत स्कूटर, सायकली, ऑटो. कुठूनतरी मोहाचा गोड, आंबूस वास येत होता. घनश्यामनं स्कूटर बंद केली आणि एक पाय जमिनीवर टेकला, गुडघा दुखला. थकवा आला होता, पण तो दिवसाचा नव्हता. बावीस वर्षांचा एकदम आल्यासारखा होता, आणि त्यात गंमत अशी की त्या बावीस वर्षांत त्यानं काहीच केलेलं नव्हतं. फक्त जेवला होता. रोज. मोठ्या गंजातला पांढरा, मऊ, वासाचा भात, त्यावर वरण, वरून तेल-मिरचीचा ठेचा. तो आधी जेवायचा, मग लेक श्रुतिका, पुढे श्रुतिका नागपूरला शिकायला गेली तेव्हा तो एकटाच. आणि अंजना मागून, ओट्यापाशी पाट घेऊन, लहान गंजातला मोटा, जाड्या दाण्याचा भात. हजार-दहा नावाचा तो तांदूळ शिजला की दाणा दाण्याशी भांडल्यासारखा उभा राहतो. श्रुतिकानं लहानपणी विचारलं होतं, आई, तू हा काहून नाही खात? वास सोसत नाही बाई, डोकं दुखते, असं उत्तर मिळालं होतं, आणि ते उत्तर त्यानंही उचललं होतं. तपासून पाहिलं नव्हतं. रेकॉर्डरूममध्ये तो एकही कागद तपासल्याशिवाय लावत नसे.

आणि तो तांदूळ तरी कुठला? तिच्या माहेरचा. खैरलांजीकडे तिचा भाऊ दुलीचंद सगळ्या शेतात हजार-दहा लावतो, पण विहिरीजवळच्या एका बांधीत दरवर्षी चिन्नौर लावतो, बहिणीसाठी. दिवाळीनंतर मोटारसायकलला पोतं बांधून येतो, दारातूनच ओरडतो, "बाई, तुह्या चिन्नौर आणला वं!" आणि अंजना पोतं हुंगते. हो, हुंगते, त्यानं पाहिलं आहे. पोत्याचं तोंड सोडून मूठभर तांदूळ ओंजळीत घेते आणि नाकाशी नेते, मग टिनात ओतून वर कडुनिंबाचा पाला घालते. डोकं दुखणारी बाई तांदूळ हुंगते, ही विसंगती बावीस दिवाळ्या त्याच्या डोळ्यांसमोर होती आणि त्याच्यासारख्या माणसानं ती नोंदवली नव्हती. फाटकातून मालगाडी जायला लागली. डबे मोजायची त्याला सवय होती. आज मोजले नाहीत.

खरं म्हणजे त्याला राग आला होता. हे त्याच्या उशिरा लक्षात आलं, फाटक उघडून ट्रक गुरगुरायला लागल्यावर. कुणी सांगितलं होतं तिला? मी म्हटलं होतं का? माणूस बेशुद्ध पडलेला असताना त्याच्या नावावर कुणीतरी काहीतरी सोडतं आणि त्याला कळवतही नाही. म्हणजे तो आयुष्यभर ज्या ताटात जेवतो ते ताट उष्टं निघतं. पण राग टिकेना. रागाला लागणारी ताकदही आता राहिली नव्हती. त्याच्या जागी एक साधा, कारकुनी प्रश्न येऊन बसला: तिला सांगायचं का? ही अट बावीस वर्षांपूर्वीच संपली होती, हे सांगायचं का? सांगितलं तर ती आजपासून चिन्नौर खाईल, पण मागचं सगळं एका चुकीवर चालत होतं असं होईल. जिच्या मनात इतकी वर्षं एक काहीतरी भरून उभं आहे तिला सांगायचं, बाई, ते भांडं रिकामंच होतं. नाही सांगितलं तर ती मरेपर्यंत मोटा भात खाईल, आणि तो समोर बसून, आता माहीत असून, चिन्नौर खाईल. यांतला कोणता रकाना बरोबर? घर आलं तरी उत्तर आलं नाही.

शुक्रवार, शनिवार तो घरात पाहुण्यासारखा वागला. पाहत राहिला. दोन टिनं एकाशेजारी एक. चिन्नौरच्या टिनाला घट्ट झाकण, हजार-दहाच्या टिनावर नुसती थाळी. अंजना दोन्ही तांदूळ वेगळे निवडते, वेगळे धुते. चिन्नौर धुताना हात हलका, जसं लहान मुलाचं डोकं धुवावं. ती जाड झाली होती, केस विरळ झाले होते, चालताना डावा पाय थोडा ओढायची. हे केव्हा झालं? शनिवारी तो ओट्यापाशी उभा राहिला तेव्हा ती म्हणाली, "काय पाह्यजे?" "काही नाही." "मंग सरका. फोडणीचा ठसका लागन." रात्री अंथरुणात बिरसा आठवत राहिलं. एक पातं नसलेला दवाखान्यातला पंखा, डुगडुगत फिरणारा. घरी परतल्यावरची खाट, खिडकीतला उजेड, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशाच्या उभ्या रेघा, सहा-सहाच्या झुबक्यांनी. दूधवाल्याचा हिशेब असेल, असं तेव्हा वाटलं होतं. पहिल्यांदा नीट शुद्ध आल्याचं जे आठवतं ते वासाचं होतं: भाताचा वास, वाफ, कुणीतरी ताट घेऊन बसलेलं, थोरला भाऊ आणि वहिनी भेटायला आलेले. आपण काहीतरी विनोद केला होता. सगळे हसले होते. माणूस विनोद करायला लागला म्हणजे वाचला, असं भाऊ म्हणाला होता. विनोद काय होता ते मात्र आठवेना. किती आठवलं तरी हसणं तेवढं आठवायचं.

रविवारी दुपारी अंजनानं त्याचं ताट वाढलं तेव्हा तो म्हणाला, "तुह्यंबी घे."

"काहून?"

"सोबत जेवू."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. "बरं आहे ना तुमाले?"

"बरं आहे वं. घे तू."

ती ताट घेऊन आली, लहान गंज बाजूला ठेवला आणि पाटावर न बसता फरशीवरच टेकली, लगेच उठायचं असल्यासारखी. त्यानं मोठ्या गंजातला भात पळीनं घेतला आणि तिच्या ताटात वाढला. बावीस काय, लग्नाच्या बत्तीस वर्षांत त्यानं तिच्या ताटात काही वाढलं नव्हतं, आणि पळी कशी तिरपी करायची हेही हाताला माहीत नव्हतं. भाताचं ढेकूळ ताटाच्या काठावर पडलं. वाफ तिच्या तोंडावर गेली. तिनं मान मागं घेतली.

"शीला मॅडमनं सांगतलं मले," तो म्हणाला. दोन दिवस जुळवलेली वाक्यं होती, त्यांतलं एकही हाताशी आलं नाही. "तू सोडलं होतं थे. बिरसाले. पण अंजना, थे चाळीसच दिवसाचं राह्यते. त्यांच्यात ईस्टर आला का संपते. तुले कोणी सांगतलंच नाही. थे कधीच संपलं वं."

अंजना ताटाकडे पाहत होती. तिला धक्का बसेल, रडेल, निदान "अगं बाई" म्हणेल, असं त्याला वाटलं होतं. ती म्हणाली, "मले ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"चाळीस दिवस. शीलाबाईनं पहिल्याच दिवशी सांगतलं होतं. मी भितीवर कोयशानं रेघा वढल्या होत्या. ईस्टरच्या दिवशी चिन्नौर रांधला. तुमाले दवाखान्यातून आणून चार दिवस झाले होते. तुमी खाटेवर, तुमचे भाऊ, भाभी. सगळ्याइले वाढलं अन् मीबी ताट घेऊन बसली." तिनं बोटानं काठावरचं ढेकूळ ताटात ढकललं. "तुमी म्हणले, पाहा, मी मरता मरता वाचलो अन् हिची भूक वाढली."

बाहेर कुणीतरी मोटारसायकलला किक मारत होतं. ती सुरू होत नव्हती.

"हासले सारे," अंजना म्हणाली. "मीबी हासली. मंग थे ताट तुमच्या भाभीले देल्लं."

ते वाक्य त्याचंच होतं, याबद्दल शंका नव्हती. त्याची घडण, शेवटाला दिलेला तो झटका, ओळखीचा होता. कुठल्याही टेबलावर आजही ते चाललं असतं. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याला तो हवा होता. राग असता तर त्याच्यासमोर काही मांडता आलं असतं. ती सांगत होती ते दुसऱ्याच कुठल्या बाईचं, शेजारच्या गल्लीतल्या, असावं तसं.

"येवढ्यासाठी?" तो शेवटी म्हणाला. "म्या मस्करीत म्हणलं असन. बावीस वर्सं? सांगाचं नाही का मले?"

"सांगून काय? तुमी त्याचाबी एक किस्सा केला असता. राजाचा गंज, प्रजाचा गंज." तिनं पदरानं ओठ पुसले, अजून काही खाल्लं नव्हतं तरी. "अन् रोज काय आठवते का? पहिले दोन-तीन वर्सं आठवे. मंग तसंच चाललं."

"आता तरी खा."

तिनं एक घास घेतला. त्याच्या समाधानासाठी घेतला, हे त्याला दिसलं. हळू चावला, गिळला, आणि कपाळाला दोन बोटं लावली. "नाही होत," ती म्हणाली. "पहिले डोकं दुखते म्हणून खोटंच सांगत होती. आता खरंच दुखते. वासानंच धरते इथं." तिनं मोठ्या गंजातला भात आपल्या ताटातून उचलून त्याच्या ताटात घातला, काही सांडू न देता, सवयीच्या हातानं, आणि लहान गंज जवळ ओढला.

घनश्याम आपल्या ताटाकडे पाहत बसला. दोघांचा भात त्याच्या एकट्याच्या ताटात आला होता, पांढराशुभ्र, आणि त्याचा वास खोलीभर होता. भावानं वांगं सोडलं, वीरेंद्रनं गुटखा, शीला मॅडमनी चहा. नोंदींखालची ती त्याची आवडती ओळ आठवली आणि पहिल्यांदाच तिचा कंटाळा आला. आपण काय सोडलं होतं कधी? एखादं वाक्य? जिभेवर आलेलं, हसू येईलच अशी खात्री असलेलं एखादं वाक्य, एकदा तरी, गिळलं होतं? आठवेना. आठवणारंही नव्हतं, अशा गोष्टी सोडल्या तरी दिसत नाहीत, आणि त्यानं त्या सोडल्याच नव्हत्या.

त्यानं ताट बाजूला सरकवलं. दुसरं ताट घेतलं, लहान गंजात पळी घातली आणि मोटा भात वाढून घेतला. भात तिच्यापुरताच होता. दोघांत निम्मा झाला. कालवायला गेला तर वरण धरीना, दाणे बोटांतून निसटले. घास घेतला. घशात अडकला, पाणी प्यावं लागलं. दुसरा घेतला. अंजना थांबून पाहत होती. तिच्या तोंडावर काय होतं ते त्याला नीट लावता आलं नाही. दया नव्हती, आनंद तर नव्हताच. आपल्या भातातला अर्धा भात गेल्याचंही नव्हतं. मग तिच्या ओठाच्या एका कोपऱ्यात काहीतरी हललं, आणि ते त्याला ओळखीचं वाटलं, कारण आरशात ते त्यानं अनेकदा पाहिलं होतं.

"कितीक दिवस?" ती म्हणाली.

तो चावत राहिला.

"रविवार धरून, का सोडून?"